अँटिबायोटिकच्या पातळीसाठी रक्त घेताना या चुका टाळा

नागपुरातल्या लॅबमध्ये व्हॅन्कोमायसिन, जेंटामायसिन आणि अमिकासिनच्या पातळीचे नमुने मी बरीच वर्षे तपासत आहे. यंत्रामुळे चुकलेला रिपोर्ट क्वचित दिसतो. रक्त घेतानाच चुकलेला नमुना मात्र वारंवार येतो.

सर्वांत वाईट चूक म्हणजे ज्या लाइनमधून (शिरेत बसवलेल्या नळीतून) औषध दिले, त्याच लाइनमधून रक्त काढणे. एकदा एका रुग्णालयातून सकाळी साडेसातला घेतलेला व्हॅन्कोमायसिनचा ट्रफ नमुना, म्हणजे पुढच्या डोसआधीच्या सर्वांत कमी पातळीचा नमुना, आला आणि पातळी लिटरला 62 मिलिग्रॅम निघाली. त्याच दिवशीचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्तचाचणी, 0.9 म्हणजे सामान्य होते. मूत्रपिंडे इतकी व्यवस्थित असताना औषध एवढे साचणे पटेना, म्हणून मी वॉर्डात फोन केला. तेव्हा कळले की शीर सापडत नव्हती, त्यामुळे नव्या मुलाने सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत बसवलेल्या, अनेक नळ्यांच्या लाइनच्या) ज्या नळीतून व्हॅन्कोमायसिन जात होते, तिच्यातूनच रक्त ओढले होते. तीन तासांनी हाताच्या शिरेतून पुन्हा घेतलेल्या नमुन्यात 12 आले. रिपोर्टची वाट पाहत आठचा डोस अडवून ठेवल्यामुळे रक्तात जंतुसंसर्ग असलेल्या त्या रुग्णाला औषध दुपारी मिळाले. मी स्वतः नेहमी दुसऱ्या हाताची शीर शोधतो, दहा मिनिटे लागली तरी चालतील. लाइनशिवाय इलाजच नसेल तर वेगळी नळी वापरावी, ती फ्लश करून सुरुवातीचे रक्त टाकून द्यावे आणि फॉर्मवर तसे स्पष्ट लिहावे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रिपोर्टसाठी डोस अडवू नये.

दुसरी चूक वेळेची आहे, आणि तिच्यामागे बहुतेकदा घाई असते. सकाळच्या फेरीत सगळ्यांचे रक्त घेताना पातळीचा नमुनाही उरकून टाकला जातो आणि फॉर्मवर औषधाच्या तक्त्यातली वेळ उतरवली जाते. असे फॉर्म मी ओळखतो: पाच रुग्ण, एकच पेन आणि पाचही ठिकाणी 8:00. प्रत्यक्षात डोस 9:10 ला लागलेला असतो. व्हॅन्कोमायसिनचा ट्रफ पुढच्या डोसच्या आधीच्या अर्ध्या तासात, साधारणपणे चौथ्या डोसपूर्वी घेतात. जेंटामायसिन अर्ध्या तासाच्या इन्फ्यूजनने (शिरेतून हळूहळू) दिले, तर पीक, म्हणजे सर्वोच्च पातळीचा नमुना इन्फ्यूजन संपल्यावर अर्ध्या तासाने घेतात. सुरू झाल्यापासून वेळ मोजणारे बरेच जण आहेत. गंभीर एमआरएसए (अनेक अँटिबायोटिकना न जुमानणारा जिवाणू) संसर्गासाठी 2020 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी केवळ ट्रफऐवजी एयूसीवर, म्हणजे 24 तासांत रक्तातली पातळी किती आणि किती वेळ राहिली याच्या एकत्रित मापावर, भर दिला आहे आणि ते 400 ते 600 असावे असे म्हटले आहे. हे माप दोन नमुन्यांवरून काढायचे तर वेळ आणखी काटेकोर लागते. डोस सुरू झाल्याची, संपल्याची आणि रक्त घेतल्याची, अशा तिन्ही वेळा मी रुग्णाच्या खाटेजवळच, घड्याळात पाहून लिहितो. ड्युटी संपताना आठवून लिहिलेल्या वेळेवर माझा विश्वास नाही.

हेपरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) ट्यूब काही पद्धतींत जेंटामायसिनच्या मापनात अडथळा आणते, म्हणून कोणती ट्यूब हवी ते लॅबला आधी विचारावे. रुग्णाला पिपरॅसिलिन हे दुसरे अँटिबायोटिकही चालू असेल, तर ते ट्यूबमध्येसुद्धा जेंटामायसिन निष्क्रिय करत राहते आणि पातळी खोटी कमी दिसते. मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या आसपास असताना असा नमुना दुचाकीच्या डिकीत फिरवू नये. सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव) लवकर वेगळे करावे आणि तपासणीला उशीर होणार असल्यास गोठवावे.