माळरानाला खड्डे नकोत, गवत हवंय: पाऊस पडायच्या आत काय करायचं

रोहिणी लागल्यात. आठ-पंधरा दिवसांत मृग आला की बियाणं, खत, पेरणी याच्यापुढे कुणाला काही सुचणार नाही, म्हणून माळाबद्दल आत्ताच लिहून ठेवतोय. ज्यांच्याकडे एकर-दोन एकर का होईना मुरमाड, हलकं, न पिकणारं रान आहे किंवा ज्यांच्या गावाला गायरान आहे त्या सगळ्यांसाठी हे आहे, खास करून सोलापूर, इंदापूर, बारामती, दौंड, कर्जत, माण, आटपाडी, जत हा जो आपला कमी पावसाचा पट्टा आहे तिथल्यांसाठी.

पहिली गोष्ट, जून म्हणजे वृक्षारोपणाचा महिना. शाळा, पतसंस्था, मंडळं, सगळे खड्डे घ्यायला जागा शोधत असतात आणि सगळ्यांची नजर माळावरच जाते कारण तो मोकळा दिसतो. कृपा करून माळावर झाडं लावायला देऊ नका. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरी तर नकोच, पण दाट कडुनिंबही नको. झाडं गावठाणात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, बांधावर लावा, तिथे ती जगतातही चांगली. माळावर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ, तिथे गवतच येतं आणि गवतच यायला हवं. आपल्या पठारावरचा बहुतेक माळ हा शेडा, पवन्या, मारवेल या गवतांचा, सोबत डोंगरी आणि कुसळी, आणि मधेमधे बोर, हिवर, तरवड, हेकळ अशी विरळ झुडपं. हेच त्याचं पूर्ण रूप आहे. सरकारी कागदावर पडीक लिहिलेलं असलं तरी त्याच रानावर अख्ख्या गावाची जनावरं, मेंढ्या वर्षाचे कितीतरी महिने निघतात, मग ते पडीक कसलं?

आणि जनावरांसोबत इतरही खूप जीव त्यावर जगतात. तितर, लावा, पखुर्डी, माळटिटवी, धाविक, चंडोल हे सगळे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, यांना झाड लागतच नाही, उलट झाडं वाढली की त्यावर शिकारी पक्षी आणि कावळे बसायला लागतात आणि खालची घरटी साफ होतात. पखुर्डीचा नर पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवतो आणि तसाच उडत येऊन पिल्लांना ते पाणी पाजतो, इतक्या कोरड्या रानात जगायची सोय त्यांनी करून घेतलीय. काळवीट, चिंकारा, खोकड, तरस आणि लांडगा हेही याच रानाचे. माळढोकासाठी सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य 1979 साली झालं, आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते, आणि अख्ख्या जगात हा पक्षी दीडशेच्या आसपास उरलाय, तोही बहुतेक राजस्थानात. मादी बहुधा एकच अंडं घालते, उघड्या जमिनीवर, ते एक गेलं की मोठं नुकसान. तणमोराचीही तीच गत, त्याची वीण पावसाळ्यात गवतात होते, नर गवताच्या वर उंच उड्या मारून मादीला बोलावतो. अकोला-वाशिमकडे फासेपारधी समाजातल्या लोकांनी त्याच्यासाठी कुरणं राखायचं काम हातात घेतलंय, आणि त्यांना गवताची, पक्ष्याची जेवढी माहिती आहे तेवढी क्वचित कुणाला असेल.

आता कामाचं बोलू.

माळ नांगरू नका, जेसीबी घालू नका. एकदा उलथला की शेडा-पवन्याचे ठोंब मरतात आणि पहिल्याच पावसात त्या उघड्या मातीत गाजर गवत उगवतं, मग पुढची कितीतरी वर्षं ते निस्तरत बसा. पाणी अडवायचं म्हणून यंत्राने सलग समतल चर खोदतात, ते उतारावरच्या उजाड, धूप झालेल्या डोंगराला ठीक आहे पण जिथे गवत शाबूत आहे अशा माळावर चर मारणं म्हणजे आहे ते खोदून काढणं. गवताची मुळंच पाणी जिरवतात. घळी पडल्या असतील तर तिथलेच दगड गोळा करून लहान लहान दगडी बांध घाला, बास.

ज्या रानात गवत पार गेलंय, फक्त खुरटी कुसळी आणि तण उरलंय, तिथेही लगेच पेरायची घाई नको. आधी एक पावसाळा बंद ठेवून बघा. जमिनीत बी आणि मुळं बऱ्याचदा असतात, फक्त त्यांना वर यायला सवड मिळत नाही कारण पहिला फुटवा आला की जनावर तोंड घालतं. सप्टेंबरपर्यंत जर ठिपक्या-ठिपक्यांनी मारवेल, पवन्या दिसायला लागला तर पेरणीचा खर्च वाचला. काहीच नाही आलं तर मग पुढच्या वर्षी बी टाका.

ठोंब लावायचे असतील तर मात्र हाच हंगाम. बांधावर, कालव्याच्या कडेला, जुन्या विहिरीभोवती मारवेल, डोंगरी असतोच, तिथून मुळासकट ठोंब काढायचे, वरचा पाला वीतभर ठेवून कापायचा, आणि चांगला पाऊस होऊन मुरूम ओला झाला की दीड-पावणेदोन फुटांवर म्हणजे साधारण 50 बाय 50 सेंटिमीटरवर कुदळीने भोक पाडून लावायचे. एकरी 16,000 च्या आसपास ठोंब लागतात, त्यामुळे सगळं एकदम करायच्या फंदात पडू नका, पाच-दहा गुंठ्यांचे तुकडे करा, पुढचं बी वाऱ्याने आपोआप पसरतं. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ चारापिकांवर काम करतं, तिथे मारवेलच्या ठोंबांची चौकशी करा, पण बाहेरून नेपियर वगैरे आणून माळावर घालू नका, ते बागायती रानात लावायचं पीक आहे.

बी असेल तर ते गेल्या हंगामातलं हवं. या गवतांचं ताजं बी नीट उगवत नाही, काही महिने मुरावं लागतं. हेक्टरी 4 ते 6 किलो पुरतं. बी हलकं आणि केसाळ, फेकलं की वाऱ्यावर जातं, म्हणून पोयटा माती, शेण आणि थोडी वाळू यात मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा, सावलीत वाळवा आणि पहिल्या पावसाच्या तोंडावर विस्कटा. खोल पुरू नका, सेंटिमीटरभर मातीखाली गेलं तरी खूप झालं. वरून काटेरी फांदी ओढली की पुरे.

गाजर गवताचं काम जुलैत करायचं, पावसाने जमीन मऊ असताना आणि फुलं यायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. हातमोजे घालाच, त्याने अंगाला खाज, दमा असं काय काय होतं. फूल आल्यावर उपटून बांधावर टाकलं तर बी तिथेच पिकतं, काही उपयोग नाही. रस्त्याकडेला, गोठ्यामागे जिथे ते दरवर्षी येतं तिथे टाकळ्याचं बी टाकून ठेवा, टाकळा दाट आला की गाजर गवताला दाबतो. झायगोग्रामा नावाचे भुंगेरे फक्त गाजर गवत खातात, पावसाळ्यात कृषी विद्यापीठांकडे मिळतात, तेही सोडा, पण भुंग्यांच्या भरवशावर उपटायचं थांबवू नका.

वेडी बाभूळ हे त्याहून अवघड प्रकरण. वरून तोडली की दुप्पट फुटते. जमिनीखाली वीतभर खोदून, जिथून फुटवे येतात तो बुंध्याचा भाग काढावा लागतो. शेळ्या-गुरं शेंगा खातात आणि शेणातून बी माळभर पेरतात, म्हणून शेंगा खाऊ घालायच्याच असतील तर दळून घाला. आणि मोठं जुनं बेट असेल तर एका वर्षात सपाट करू नका, त्यात खोकडाचं, तरसाचं बीळ असू शकतं, कडेकडेने दरवर्षी थोडं थोडं काढत जा. बोर, हिवर, तरवड, हेकळ यांना हात लावू नका, उन्हाळ्यात तितर-लाव्याला तेवढीच सावली असते.

चराईबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण सगळं इथेच बिघडतं नाहीतर इथेच जमतं. मेंढरं माळाची दुश्मन आहेत असं शहरातून आलेले लोक म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. धनगरांची मेंढरं, लांडगा आणि हा माळ शेकडो वर्षं एकत्र आहेत. गडबड होते ती वेळेची. जून ते सप्टेंबर गवत वाढायचे आणि बी धरायचे दिवस, नेमकं तेव्हाच सगळ्या रानावर एकदम जनावर फिरलं तर गवताला बी धरायला मिळतच नाही, आणि असं पाच-दहा वर्षं झालं की चांगलं गवत जातं आणि जनावर ज्याला तोंड लावत नाही तेच उरतं. म्हणून गायरानाचे चार भाग पाडा, दरवर्षी एक भाग पावसाळाभर बंद, बाकी तीन उघडे, पुढच्या वर्षी दुसरा बंद. बंद भागात बी झडलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे मेंढरं आत घ्या, उलट घ्याच, त्यांच्या खुरांनी बी मातीत दाबलं जातं आणि लेंडीखत मिळतं ते वेगळं. हे सगळं मेंढपाळांना बसवून, विचारून ठरवा, त्यांच्या मागे ठराव करून तारा ठोकल्या तर एका रात्रीत तुटतील आणि चूक त्यांची नसेल. हिवरे बाजारने चराईबंदी केली, गवत कापून न्यायची पद्धत लावली आणि ती टिकली कारण गावाने मिळून ठरवलं होतं.

कापणी सप्टेंबरच्या शेवटापासून पुढे. कुसळी मात्र कुसं धरायच्या आत कापावी लागते, नाहीतर जनावराच्या तोंडात आणि मेंढीच्या लोकरीत घुसते, तर ती जिथे दाट आहे तेवढाच तुकडा आधी कापा आणि कापायच्या आधी एकदा चालत जाऊन घरटी बघा. घरटं सापडलं तर भोवतीचं दहा-पंधरा पावलं गवत सोडून द्या, खूण म्हणून काठी वगैरे रोवू नका, कावळ्याला आणि कुत्र्याला तेवढं पुरतं. बाकी गवत विळ्याने कापताना किंवा कटर वापरताना मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला या, म्हणजे पिल्लांना पळायला वाट राहते, कडेने गोल गोल आत आलात तर ती मधे अडकतात आणि पात्यात येतात. चार बोटं ते वीतभर खुंट ठेवा, आणि तिसरा हिस्सा तरी न कापता पट्ट्यांनी राहू द्या. त्यातूनच पुढच्या वर्षीचं बी मिळणार आहे आणि हिवाळ्यात उन्हाळ्यात आडोसाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये माळ पेटवून देतात, नवा फुटवा चांगला येतो म्हणून. पहिल्या पावसात फुटवा तसाही येतोच. आगीत पखुर्डीची, चंडोलांची घरटी जातात, उभा वाळला चारा जातो आणि झुडपं होरपळतात. डिसेंबरमध्येच रस्त्याच्या बाजूने जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून केलेला मोकळा पट्टा, काढून ठेवा.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेला असंच कोरडं रान आहे, सेजब्रश नावाचं झुडूप आणि त्याच्यामधे झुपक्यांचं गवत, तिथे सेज ग्राऊस म्हणून आपल्या तितराच्याच कुळातला पण चांगला मोठा पक्षी आहे. गव्हासाठी रान नांगरलं गेलं तसा तो कमी झाला. 1985 च्या शेती कायद्यात एक योजना आली, शेतकऱ्याने जमीन 10 ते 15 वर्षं गवताखाली ठेवायची आणि सरकारने त्याला वर्षाला भाडं द्यायचं, आणि डग्लस काउंटीत त्या परत पेरलेल्या गवतात हा पक्षी घरटी करायला लागला. 2020 च्या सप्टेंबरमध्ये तिथे मोठ्या आगी लागून पुष्कळ रान जळालं, तरी लोक परत झुडपं लावतायत, कुंपणाच्या तारांना खुणा बांधतायत म्हणजे पक्षी धडकणार नाहीत. आपल्याकडेही माळ राखणाऱ्या शेतकऱ्याला असं भाडं मिळायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. ते येईपर्यंत चारा हाच मोबदला, दुष्काळी वर्षात कडब्याची पेंढी काय भावाने जाते ते तुम्हाला माहितीच आहे.

कुंपण घालायचं असेल तर खालची तार काट्याशिवाय आणि जमिनीपासून दीड फूट वर ठेवा, चिंकारा, खोकड, ससा खालून जातात. ब्लेडची तार नको, आणि करंट सोडणं गुन्हा तर आहेच, माणूसही मरतो. माळाला लागून तूर, बाजरी, मटकी असेल तर माळाकडच्या चार-पाच ओळींवर कीटकनाशक मारू नका, कारण तितर-लाव्याची पिल्लं पहिले काही आठवडे किड्यांवरच जगतात आणि मोठी झाल्यावर तुमच्याच पिकातले नाकतोडे खातात. औषध लावलेलं बियाणं उघड्यावर सांडू नका, उंदरांसाठी विषारी दाणे बांधावर टाकू नका. बिनकठड्याच्या विहिरीला निदान कमरेएवढा कठडा करून घ्या, लांडगे-काळवीट रात्री पडतात आणि वर येता येत नाही. गावातली मोकाट कुत्री ही तर आता घरट्यांची सगळ्यात मोठी शत्रू झालीत, पिल्लं खातात, खोकड-लांडग्यांना रोग देतात, त्यामुळे मेलेलं जनावर आणि कोंबड्यांचा कचरा माळावर नेऊन टाकायचं बंद करा, पुरून टाका. लांडग्याने मेंढरू नेलं तर मेलेल्याला विष लावू नका, लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते.

गायरानावर यातलं काहीही करायचं असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत ग्रामसभेत ठराव घ्या, कुठला भाग बंद हे गट नंबर टाकून लिहा आणि त्यावर मेंढपाळांच्याही सह्या घ्या. जागा वनखात्याची असेल तर आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला भेटून लेखी परवानगी, आणि तिथे खात्याने यंदा झाडं लावायचं ठरवलं असेल तर ग्रामपंचायतीच्या पत्रावर "इथे गवत हवं आहे" असं लिहून द्या, खड्डे खणायच्या आधी दिलं तरच त्याचा उपयोग होतो. चाऱ्याच्या बियाण्याला काही अनुदान आहे का ते पंचायत समितीत पशुधन विकास अधिकाऱ्याकडे याच आठवड्यात विचारून या.