जुने सेंटर टेबल घेण्यापूर्वी ते उलटे करून पाहा

मुंबईच्या चोर बाजारात किंवा जोगेश्वरीच्या फर्निचर बाजारात एखादे जुने सागवानी अथवा शिसवी सेंटर टेबल मनात भरले, तरी वरच्या चकाकीला न भुलता ते विक्रेत्याकडून उलटे करून घ्यावे, कारण लाकडाचे खरे वय खालच्या बाजूलाच कळते. हातरंध्याने तासलेल्या फळीवरून बोट फिरवल्यास किंचित उंचसखलपणा जाणवतो. तिथे प्लायवूडचे थर किंवा कोरे करकरीत स्क्रू दिसले, तर जुनेपणाची किंमत मोजू नये. टाचणीच्या डोक्याएवढ्या छिद्रांतून पिठासारखी भुकटी गळत असेल, तर आत कीड जिवंत असल्याचे समजावे आणि ते टेबल, कितीही देखणे असले तरी, घरात आणू नये. जेवणाच्या टेबलाचे पाय कापूनही सेंटर टेबल बनवले जाते, म्हणून पायांची टोके अवश्य तपासावीत.

टेबलाची उंची सोफ्याच्या बैठकीइतकी किंवा 3 ते 5 सेंटिमीटर कमी असावी आणि दोहोंमध्ये सुमारे 40 ते 45 सेंटिमीटर अंतर ठेवावे. नक्षीदार पाय भरगच्च वेलबुट्टीच्या गालिच्यावर हरवून जातात. माझ्या मते त्यांना साधी शहाबादी फरशीच शोभते. खिडकीतल्या थेट उन्हापासून मात्र टेबल दूर ठेवावे. जुन्या लाखेच्या पॉलिशवर चहाचा गरम कप टेकवताच पांढरे वर्तुळ उमटते, त्यामुळे कपाखाली बशी हवीच.