लिफ्टमधल्या उडीचं गणित: या चुका टाळा

लिफ्ट एकसारख्या वेगाने वर जात असताना आत उडी मारली, तर ती जमिनीवरच्या उडीपेक्षा बुटकी होते का? अकरावीच्या वर्गात हा प्रश्न टाकला की बहुतेक मुलं ‘हो’ म्हणतात. कारणही तयार असतं: आपण हवेत असतो तेवढ्यात लिफ्टचा तळ वर येतो. उत्तर चुकीचं आहे, पण ते नेमकं कुठे चुकतं हे शोधायला हवं, कारण लिफ्टच्या गणितातल्या बऱ्याचशा चुका त्याच जागी सुरू होतात. लिफ्ट कुठे चाललीय याकडे आपलं लक्ष असतं. पाहायचं असतं ते तिचा वेग बदलतोय का, आणि बदलत असेल तर कोणत्या दिशेने.

पाय सुटले की लिफ्टचा वेगही सुटला, असं धरू नका

लिफ्ट सेकंदाला २ मीटर या एकसारख्या वेगाने वर चाललीय असं समजू. तुम्ही जमिनीवर ४० सेंटिमीटर उंच उडता. त्यासाठी पाय सुटताना वेग लागतो सेकंदाला २.८ मीटर, आणि हवेत राहता साधारण ०.५७ सेकंद. तेवढ्या वेळात लिफ्ट १.१४ मीटर वर जाते. इथवर मुलांचा हिशेब बरोबर असतो. मग निष्कर्ष येतो की तळ पायांवर आदळणार, उडी होणारच नाही.

राहून जातं ते एवढंच की उडी मारण्याआधी तुम्हीही त्याच २ मीटरच्या वेगाने वर जात होता. पाय सुटल्यावर तो वेग काढून घेणारं कोणी नाही. बाहेर उभ्या माणसाला तुम्ही ४.८ मीटरच्या वेगाने निघालेले दिसता. ०.५७ सेकंदांनी तुम्ही १.१४ मीटर वर असता, तळही तिथेच असतो आणि पाय नेहमीसारखे टेकतात. आतल्या माणसाच्या दृष्टीने उडी ४० सेंटिमीटरचीच झाली. गॅलिलिओने १६३२ सालच्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा जहाजाच्या बंद खोलीचं उदाहरण देऊन मांडला होता: जहाज एकसारख्या वेगाने चाललं असेल, तर आत उड्या मारून ते चाललंय की उभं आहे हे कळत नाही.

हुशार मुलं इथे एक पायरी पुढे जाऊन अडकतात. ४.८ मीटरचा वेग सूत्रात टाकून ती उंची काढतात आणि १.१८ मीटर येते. मग ‘वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये उडी तिप्पट उंच’ असं लिहून मोकळी होतात. आकडेमोड चोख आहे, फक्त ती उंची इमारतीच्या सापेक्ष आहे. त्या सर्वोच्च बिंदूला तुम्ही ०.४९ सेकंदांनी पोचता आणि तोवर तळ ०.९८ मीटर वर आलेला असतो. म्हणजे त्या क्षणी पाय तळापासून फक्त २० सेंटिमीटरवर असतात. तळापासूनचं सर्वांत मोठं अंतर, तेच ४० सेंटिमीटर, त्याच्या बरंच आधी, ०.२९ सेकंदांनी येऊन गेलेलं असतं. ‘जमिनीपासून सर्वांत उंच’ आणि ‘तळापासून सर्वांत उंच’ हे दोन वेगळे क्षण आहेत. हा हिशेब वहीत एकदा स्वतः करून पाहावा, असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगेन. सापेक्ष गती व्याख्या पाठ करण्यापेक्षा या चार आकड्यांनी जास्त पक्की होते.

वर म्हणजे जड, खाली म्हणजे हलकं: हे सूत्र पुसून टाका

परीक्षेत सर्वाधिक गुण इथे जातात. लिफ्ट वर निघताना अंग जड वाटतं म्हणून ‘वर जाताना वजन वाढतं’ असं डोक्यात बसतं. पण वर जाणारी लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबू लागली की तिचं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, खालच्या दिशेला असतं आणि अंग हलकं होतं. खाली येऊन थांबणाऱ्या लिफ्टचं याच्या उलट. वर निघताना जड, वर पोचताना हलकं. खाली निघताना हलकं, खाली पोचताना जड. मधल्या एकसारख्या वेगात काहीच फरक नाही.

६० किलोचा माणूस वजनकाट्यावर उभा आहे आणि लिफ्टचं त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, असं घ्या. त्वरण वरच्या दिशेला असेल तर काटा ६६ किलोंच्या जरासा पुढे जातो, खालच्या दिशेला असेल तर ५४ च्या जरासा आत राहतो. पृथ्वीची ओढ दोन्ही वेळा तेवढीच असते. बदलतो तो तळाने पायांवर दिलेला रेटा, आणि काटा तोच मोजतो.

स्यूडो फोर्सचा, म्हणजे त्वरण असलेल्या लिफ्टच्या आतून पाहताना हिशेबात धरावा लागणाऱ्या आभासी बलाचा, घोळही इथलाच. बाहेरून पाहून गणित मांडत असाल तर स्यूडो फोर्स घ्यायचा नाही. आत बसून मांडत असाल तर घ्यायचा, पण मग माणसाचं त्वरण शून्य धरायचं. दोन्ही एकत्र केले की तेच त्वरण दोनदा मोजलं जातं. फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे माणसावरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती, काढण्याआधी ‘मी आत आहे’ किंवा ‘मी बाहेर आहे’ असं कोपऱ्यात लिहून ठेवलं की ही चूक जवळजवळ होतच नाही.

पायांची ताकद विसरू नका

आता उडीकडे परत. वरच्या दिशेला १ चं त्वरण असताना आतल्या माणसासाठी गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी १०.८ होतं. पाय सुटतानाचा वेग तोच, २.८ मीटर धरला, तर उडी ४० ऐवजी ३६ सेंटिमीटर येते. पुस्तकी उत्तर इथे संपतं, पण खऱ्या पायांचं तिथे संपत नाही. वाढलेलं वजन पायांनाच उचलायचं असतं, त्यामुळे सुटतानाचा वेगही घटतो. गुडघे वाकवून ४० सेंटिमीटर अंतरात नेहमीच्या वजनाच्या दुप्पट जोर लावला असं धरलं, तर उडी ३३ सेंटिमीटरच्या आत येते. उलट, त्वरण खालच्या दिशेला असताना तीच उडी ४९ सेंटिमीटरपर्यंत जाते. गणितात ‘तळाच्या सापेक्ष वेग तोच’ असं दिलं असेल तर पहिली रीत वापरा. ‘जोर तोच’ असं दिलं असेल तर दुसरी.

पडणाऱ्या लिफ्टमध्ये शेवटच्या क्षणी उडी

लिफ्ट आदळण्याच्या क्षणी उडी मारली की आपण वाचतो, ही कल्पना चुकीची तर आहेच, शिवाय धोक्याच्या वेळी भलतंच करायला लावणारी आहे. १० मजले, म्हणजे सुमारे ३० मीटर मुक्तपणे पडलेल्या लिफ्टचा वेग सेकंदाला २४ मीटर होतो, ताशी ८७ किलोमीटर. तुमची उडी त्यातले २.८ मीटर वजा करते. उरतात ताशी ७७ किलोमीटर. दहाव्याऐवजी आठव्या मजल्यावरून पडल्यासारखं.

तेवढीसुद्धा वजाबाकी पदरात पडत नाही. मुक्त पतनात तळावर भार नसतो, त्यामुळे बसकण मारायला गेलात तर पायच वर उचलले जातात. रेटा देता आलाच तर तुम्ही लिफ्टच्या सापेक्ष न मंदावता वर जाता आणि डोक्यावर अर्धा मीटर जागा असेल तर ०.२ सेकंदात छताला धडकता. त्या ०.२ सेकंदात लिफ्ट जवळपास ५ मीटर खाली जाते, तेव्हा योग्य क्षण साधण्याची गोष्टच सोडा.

मुळात दोर तुटून लिफ्ट अशी पडणं फार दुर्मीळ. एलिशा ओटिस या अमेरिकन संशोधकाने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीत लोकांसमोर दोर कापायला लावून आपला सुरक्षा ब्रेक दाखवला होता. आजच्या लिफ्टला एकापेक्षा जास्त दोर असतात आणि वेग मर्यादेबाहेर गेला की गव्हर्नर हे वेगावर लक्ष ठेवणारं यंत्र सुरक्षा जबडे चालवतं, ते मार्गदर्शक रुळांना घट्ट पकडतात. २८ जुलै १९४५ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगवर बी-२५ विमान आदळलं, तेव्हा लिफ्टचालक बेटी लू ऑलिव्हर ७५ मजले खाली कोसळल्या आणि गंभीर जखमी होऊनही वाचल्या. त्याचं श्रेय खाली साचलेल्या दोरांच्या वेटोळ्यांना आणि शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या उभ्या पोकळीत, दाबल्या गेलेल्या हवेला दिलं जातं, उडीला नाही.

प्रयोग जमत नसेल तर

उडी मारून काही मोजायला जाऊ नका. आपल्याकडच्या लिफ्टच्या पाटीवर ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे माणशी ६८ किलो. ताठ गुडघ्यांनी आदळलेला एक माणूस क्षणभर कित्येक माणसांइतका भार देतो. त्या हिसक्याने सुरक्षा यंत्रणा चालू होऊन लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकू शकते. अडकलीच तर दार ओढून उघडू नका, अलार्म दाबा आणि थांबा. अर्धवट थांबलेल्या लिफ्टखाली उघडा शाफ्ट असतो आणि बाहेर उडी टाकताना माणसं त्यात पडतात.

मोजायचं तर वजनकाटा किंवा फोन पुरतो. डिजिटल काट्यावर आकडा हलत नसेल तर काटा बिघडलेला नाही. असे बरेच काटे वजन स्थिर झालं की आकडा गोठवून ठेवतात. जुना, सुईचा स्प्रिंगकाटा घ्या. फरक दिसतो तोही निघताना आणि थांबताना एक-दोन सेकंदच, म्हणून नजर सुईवरून काढू नका किंवा व्हिडिओ घ्या.

फोनवर जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप चालेल. फोन तळावर सपाट ठेवा, हातात धरला तर हाताचीच थरथर नोंदली जाते. स्थिर फोनही ९.८ दाखवतो म्हणून घाबरू नका. तो सेन्सर तळाचा रेटा टिपतो आणि मुक्त पतनात तोच शून्य दाखवेल. ९.८ वजा केलेला आलेख हवा असेल तर ‘गुरुत्वाशिवाय’ हा पर्याय निवडा. मग तळमजल्यापासून वरपर्यंतच्या एका फेरीत निघताना वर गेलेला एक उंचवटा, मध्ये सपाट रेघ आणि थांबताना खाली गेलेला खड्डा दिसतो. उंचवट्याचं आणि खड्ड्याचं क्षेत्रफळ साधारण सारखं आलं नाही, तर बहुधा नोंद लिफ्ट पूर्ण थांबण्याआधीच बंद झालेली असते.