झाडं लावण्याआधी गेटवर या: एचआरवाल्यांच्या नेहमीच्या चुका

जून उजाडला की माझ्या मोबाइलवर वृक्षारोपणाचे फोटो यायला लागतात. एकसारखे टी-शर्ट, एक फावडं आणि त्या फावड्याला हात लावून उभे असलेले सहा साहेब. खाली ठरलेला मजकूर: सामाजिक बांधिलकी जपणारी आमची कंपनी. झाडांबद्दल माझी तक्रार नाही. या रांगेत ठेकेदाराकडची पोरं कुठे आहेत, एवढंच मी विचारतो. एचआरकडून, म्हणजे मनुष्यबळ विभागाकडून, उत्तर येतं, ‘सर, ती आपल्या रोलवर नाहीत.’ म्हणजे कंपनीच्या पगारपटावर नाहीत.

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, एमआयडीसी कुठलीही घ्या, चुका त्याच. त्यातल्या तीन माझ्या डोक्यात बसलेल्या आहेत, त्यांवर सविस्तर लिहितो. बाकीच्या जाता जाता.

सीएसआर म्हणजेच जबाबदार एचआर, असं समजणं

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी करायचा सामाजिक खर्च: कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक गोष्ट जरी लागू झाली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. नियमांत स्पष्ट म्हटलंय की फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च यात धरायचा नाही. म्हणजे कँटीन सुधारलं, बससेवा वाढवली, तर ते सीएसआर नव्हे. तो धंदा चालवण्याचा रोजचा खर्च आहे. उलटा प्रकार जास्त दिसतो: शेजारच्या गावातल्या शाळेला संगणक दिले, आणि स्वतःच्या शॉपफ्लोअरवर ओव्हरटाइम दुप्पट द्यायचा तो सिंगल दराने चाललाय. वार्षिक अहवालात संगणकांचा फोटो रंगीत छापून येतो.

रविवारच्या श्रमदानाला ‘ऐच्छिक’ म्हणून वर हजेरी घेणारे याच पंथातले. हजेरी घेता, मग ऐच्छिक कसलं? तो कामगारांचा आठवड्याचा एकुलता सुट्टीचा दिवस असतो.

‘पगार बँकेतून जातो’ म्हणून निवांत होणं

ही माझी खास नावडती चूक.

चाकणच्या बाजूला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ग्राहक कंपनीचं सोशल ऑडिट, म्हणजे कामगारांना कसं वागवलं जातं याची तपासणी, होणार होतं, त्याआधी बघायला मला बोलावलं होतं. कागद चोख. मस्टर म्हणजे हजेरीपट, वेज रजिस्टर, पीएफचं चलान, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं चलान, बँकेच्या शिक्क्यासह पगाराची यादी. एचआर मॅनेजर नुकता एमबीए करून आलेला, हुशार, पण घाईतला. ‘सर, आपलं पेमेंट शंभर टक्के बँकेतूनच जातं. यात आता बघण्यासारखं काही नाही.’

मी शिफ्ट सुटताना गेटबाहेरच्या टपरीवर जाऊन उभा राहिलो. परभणीकडचा एक पोरगा चहा घेत होता. म्हटलं, पगार किती येतो? तर म्हणाला, ‘भाऊ देतेत तेवढा.’ भाऊ म्हणजे ठेकेदाराचा सुपरवायझर. ‘अरे पण खात्यात किती येतो?’ ‘खात्याचं काय माहीत नाही साहेब. कार्ड भाऊंकडंच असतंय.’

पुढचं मग उलगडत गेलं. पोरं कामाला लागली की खातं ठेकेदारच उघडून द्यायचा आणि एटीएम कार्ड, पिनच्या पाकिटासकट, स्वतःकडे ठेवायचा. पगार जमा झाला की त्याच रात्री सुपरवायझर कार्डांची चळत घेऊन एटीएमवर. पूर्ण रक्कम काढायची, ओव्हरटाइममधला अर्धा भाग आणि ‘खोलीभाडं’ कापायचं, उरलेलं रोख हातावर. चार-पाच पोरांनी विश्वासाने आपली स्टेटमेंट काढून दाखवली. सगळ्यांची खाती एकाच एटीएमवर, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने रिकामी झालेली. पीएफच्या यूएएनला, म्हणजे खातेदाराच्या क्रमांकाला, मोबाइल नंबरही ठेकेदाराचाच जोडलेला, त्यामुळे ओटीपी त्याच्याकडे. पोरगा नोकरी सोडून गावी गेला तरी त्याला स्वतःच्याच पैशाला हात लावता येत नव्हता.

मालकाला हे खरोखर माहीत नव्हतं, असं मला वाटतं. त्याने चिडून ठेकेदार बदलला. नवा ठेकेदार निघाला जुन्याच्या मेव्हण्याची फर्म. तीच पोरं, तीच खोली, तोच भाऊ.

चूक कुठे होती? तर परचेसमध्ये, म्हणजे खरेदी विभागात. ठेका देताना दरावरून इतकी घासाघीस झाली होती की ठेकेदाराला चोरीशिवाय मार्गच नव्हता. हिशेब साधा आहे: किमान वेतन, त्यावर मालकाचा पीएफ प्रशासकीय खर्चासह १३ टक्के, ईएसआय ३.२५ टक्के, बोनस किमान ८.३३ टक्के, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटीची (नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद, आणि वर त्याचा स्वतःचा सर्व्हिस चार्ज. ठेकेदाराचं कोटेशन या बेरजेच्या खाली आलं, तर उरलेले पैसे कामगाराच्या खिशातून जाणार हे त्याच दिवशी ठरलेलं असतं. ‘एल-वन’, म्हणजे सगळ्यात कमी दराचा ठेकेदार, मिळाला म्हणून पेढे वाटणाऱ्या परचेसवाल्याला ही बेरीज कोणी दाखवत नाही. एचआरने दाखवायला हवी. आणि ठेकेदाराने वेतन थकवलं तर ते देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर, म्हणजे काम करून घेणाऱ्या कंपनीवर, येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतंच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्येही (जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या नव्या कायद्यांमध्ये) आहे. शिवाय आता कंत्राटी कामगारांच्या कँटीन, स्वच्छतागृह वगैरे सोयींची जबाबदारी थेट मूळ कंपनीवर टाकली आहे. तेव्हा ‘आपल्या रोलवर नाहीत’ हे वाक्य विसरा.

यावर माझी पद्धत पुस्तकी नाही. मस्टर मी मागून वाचतो, शेवटच्या नावापासून. सगळ्यात नवा, सगळ्यात कमी पगाराचा माणूस तिथे असतो. त्याला केबिनमध्ये बोलवायचं नाही. केबिनमध्ये सगळे ‘सगळं व्यवस्थित आहे साहेब’ म्हणतात. गेटवर किंवा बसजवळ गाठायचं आणि विचारायचं: पगाराची स्लिप दाखव, कार्ड कुठंय, पीएफला नंबर कुणाचा? त्या कारखान्यात शेवटी बँकेच्या माणसालाच कँटीनमध्ये बसवलं, जुनी कार्डं बंद केली, नवी ज्याच्या त्याच्या हातात दिली आणि पीएफचे नंबर तिथल्या तिथे बदलून घेतले. दोन शिफ्ट मोडल्या म्हणून प्रॉडक्शनवाले कुरकुरले. कुरकुरू देत.

‘सर, याचं एखादं अ‍ॅप नाही का?’ असं विचारणारे भेटतात. आहेत की अ‍ॅप. ती बँकेची नोंद दाखवतात. बँकेची नोंद तर इथे आधीपासूनच चोख होती.

अंतर्गत समिती भिंतीवर टांगणं

लैंगिक छळ प्रतिबंधाचा कायदा २०१३ चा. त्याआधी १९९७ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या विशाखा निकालाची मार्गदर्शक तत्त्वं होती. म्हणजे विषय नवा नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवी, प्रत्येक शाखेत वेगळी, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी स्त्रिया चालणार नाहीत, एक सदस्य बाहेरचा. हे सगळ्यांना पाठ आहे. समितीच्या नावांचा बोर्ड रिसेप्शनला, इंग्रजीत, सोनेरी फ्रेममध्ये.

एका ठिकाणी हाउसकीपिंगमधल्या बाईंनी लाइन-इनचार्जविरुद्ध तक्रार दिली. एचआरने लेटरहेडवर लेखी उत्तर दिलं की आपण आमच्या कर्मचारी नाही, एजन्सीकडे जावं. एजन्सीने आठवड्याच्या आत त्यांना दुसऱ्या साइटवर हलवलं. विषय मिटला, असं सगळ्यांना वाटलं. कायदा मात्र पीडित स्त्री नोकरीत असो वा नसो, ती त्या कामाच्या जागी असली की तिला संरक्षण देतो. कंत्राटी, शिकाऊ, रोजंदार, सगळ्या त्यात आल्या. चौकशीच्या काळात बदली करायची तर तक्रारदार बाईंनी लेखी मागितली तरच, आणि ती समोरच्याचीही करता येते. त्या पत्राची प्रत पुढे वकिलाच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लागली.

दुसरं टोक म्हणजे उरकण्याची घाई. गोवा विद्यापीठातल्या २००९ च्या चौकशीत समितीने एकामागोमाग सुनावण्या घेऊन काम संपवलं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द करून चौकशी पुन्हा करायला सांगितली. चौदा वर्षं गेली, ना तक्रारदारांना न्याय, ना समोरच्याला निकाल. कायद्यात चौकशीला ९० दिवस दिलेत. ते वापरा.

मी गेलो की बोर्डावरच्या बाहेरच्या सदस्याला मॅनेजरसमोरच फोन लावतो. एकदा पलीकडच्या बाईंना कंपनीचं नावच आठवेना. बोर्ड मी मराठी-हिंदीत करून स्त्रियांच्या स्वच्छतागृहात आतल्या बाजूला लावायला सांगतो, मोबाइल नंबरसकट. रिसेप्शनला उभं राहून तो नंबर कोण टिपून घेईल?

बाकीच्या, थोडक्यात

दुसऱ्याची पॉलिसी उतरवणं. ‘सर, फॉरमॅट पाठवा ना’ हा मला येणारा सगळ्यात जास्त मेसेज. पाठवत नाही. समान संधीच्या धोरणात खाली दुसऱ्याच कंपनीचं नाव राहिलेलं मी पाहिलंय. हल्ली कॉम्प्युटरकडून लिहून घेतात, तेव्हा नाव बरोबर असतं, पण कारखान्यात नसलेल्या विभागांची जबाबदारी ठरवलेली असते. दोन पानं लिहा, स्वतः लिहा.

पाळणाघराला कुलूप. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघर लागतं, पन्नास स्त्रिया नव्हे. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. भिंतीवर ससा आणि आत जुन्या फाइलींचे गठ्ठे, याला पाळणाघर म्हणत नाहीत.

ब्रेक देणं. कायम करावं लागू नये म्हणून सात महिने झाले की घरी पाठवायचं, आठ दिवसांनी नव्या नंबरवर परत घ्यायचं. नव्या संहितेत ठराविक मुदतीच्या कामगाराला एका वर्षातच ग्रॅच्युइटीचा हक्क आलाय. आता अकरा महिन्यांची पत्रं निघायला लागतील, बघा.

‘निनावी’ सर्व्हे. उघडायला कर्मचारी क्रमांक टाकावा लागतो. कोण खरं लिहील?

दिव्यांग व्यक्तीला नोकरी देऊन कंपनीच्या बसची पायरी तशीच ठेवणं. सत्काराचा फोटो काढण्याआधी एकदा त्या बसमधून त्यांच्यासोबत या.

फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा हिशेब, लटकवणं. संहितेनुसार राजीनाम्यानंतरही वेतनाचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत पूर्ण व्हायला हवा. आपल्याकडे नो-ड्यूजच्या (‘काही देणं बाकी नाही’ अशा) कागदावर स्टोअरच्या माणसाची सही लागते आणि तो नेमका गावाला गेलेला असतो. राजीनामा मंजूर झाला की तो कागद एचआरने स्वतः फिरवायचा, अशी सवय मी माझ्या हाताखालच्या सगळ्यांना लावली. सोडून जाणाऱ्या माणसाला सेफ्टी शूजच्या हिशेबासाठी गेटवर ताटकळत ठेवायचं नाही. शूज जुने झालेले असतात, आणि नव्या माणसाला ते तसेही देता येत नाहीत.