चोर हीरो लिहायचाय? आधी त्याची जखम शोधा
फँटसीतला चोर पोरांना एवढा का आवडतो? पंधरा-सोळाव्या वर्षी घरात, शाळेत सगळे नियम दुसऱ्यांनीच केलेले असतात आणि हा पठ्ठ्या ते मोडून स्वतःच्या डोक्याने जगतो, म्हणून. ली बार्डुगोच्या २०१५ च्या ‘सिक्स ऑफ क्रोज’ या फँटसी कादंबरीतला काझ घ्या, सतरा वर्षांचा, टोळी चालवतो, पण हातमोजे काढत नाही कारण दुसऱ्याच्या कातडीचा स्पर्शच त्याला सोसवत नाही. बस्स, त्या मनाच्या जखमेतच आपण गुंततो!

तर आधी जखम ठरवा, चोरी नंतर. मग त्याला एक कसब द्या आणि ते अगदी जवळून दाखवा. त्यासाठी गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊन उभे रहा, चोरिसच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळांसमोर गर्दी कशी दाटते, पैसे मोजताना बाई पिशवी कुठे ठेवते, कुणाचं लक्ष कधी हलतं, सगळं वहीत उतरवा (चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी गेलात तर उत्तमच). गुन्ह्याची किंमत त्याला मोजायला लावाच, मित्र गमावू दे, झोप उडू दे, नाहीतर मला तरी तो खोटा वाटतो. नुसत्या स्टाईलसाठी क्रूरपणा नको. आणि पहिला प्रसंग थेट चोरीच्या मधोमध सुरू करा, बालपण मागाहून.