होडी सगळ्यात शेवटी घ्या

"एक बोट टाकायला साधारण किती लागतील?" गावाकडून येणाऱ्या प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न हाच. विचारणारे बहुतेक मालवण-देवगडकडचे. कुणी दुबईत नोकरीला, कुणी मर्चंट नेव्हीतून उतरलेला. मी 2014 पासून बोट्स्वानातल्या माऊन गावात आहे. आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करतो आणि नदीसफारी चालवणाऱ्या एका कुटुंबाच्या बोटींची देखभाल माझ्याकडे आहे. त्यामुळे आकडा माझ्या खिशात तयार असणार, असं सगळ्यांना वाटतं. आहेही. पण मी तो लगेच सांगत नाही, कारण मी स्वतः सुरुवात तिथूनच केली होती आणि तोंडावर पडलो होतो.

कोकणातल्या माणसाला पाणी कळतं, हा आपला जुना गैरसमज आहे. आपल्याला भरती-ओहोटीचं पाणी कळतं. माझे काका देवबागच्या संगमावर पर्यटकांना फिरवतात. तिथी बघितली की कर्लीच्या खाडीत वाळूचा पट्टा किती वाजता उघडा पडणार, हे ते चहा पिता पिता सांगतात. मी तोच हिशेब डोक्यात घेऊन माऊनला, ओकावांगो नदीच्या दलदलीच्या त्रिभुज प्रदेशात आलो. इथे भरती येते, पण वर्षातून एकदा. आणि ती समुद्राकडून येत नाही, अंगोलातल्या डोंगरांतून येते. तिकडे डिसेंबर ते मार्च पाऊस पडतो. क्युबांगो आणि क्विटो या नद्या ते पाणी घेऊन निघतात, एकत्र येतात आणि मोहेम्बोपाशी बोट्स्वानात शिरतात. तिथे पाणी साधारण एप्रिलमध्ये भरतं. पुढे नदी पंख्यासारखी पसरते आणि जमीन तर जवळजवळ सपाट: अडीचशे किलोमीटरमध्ये उतार साधारण 60 मीटरचा. पपायरसच्या जंगलातून गाळत गाळत ते पाणी माऊनला पोचतं तेव्हा जून उजाडलेला असतो. म्हणजे आमच्याकडे आभाळ कोरडं ठणठणीत, गवत पिवळं पडलेलं, आणि नदीला पूर. यातलं बहुतेक पाणी उन्हाने आणि झाडांनी वरच्या वर उडून जातं, माऊनच्या पुढे जातं ते शेकडा दोन-तीन टक्के. समुद्राला तर ही नदी मिळतच नाही.

पाणी येतं कसं, ते एकदा तरी पायी जाऊन बघा. माऊनमधल्या थमलकाने नदीचं पात्र कोरडं असतं, त्यात गुरं फिरत असतात, पोरं फुटबॉल खेळत असतात. मग एके दिवशी कुणीतरी ओरडतं, "मेत्सी!" म्हणजे पाणी. वाळूवरून एक बोटभर जाडीची जीभ पुढे सरकत असते. तोंडाशी फेस, काटक्या, शेळ्यांच्या लेंड्या, आणि बिळांतून जीव वाचवून पळणारे किडे. त्या किड्यांवर बगळे तुटून पडलेले असतात. खड्डा आला की पाणी थांबतं, तो भरतं, मग पुन्हा निघतं. माणूस चालतो त्याहून हळू. पोरं त्याच्या पुढे पुढे उलटी चालत जातात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा दोन तास त्याच्याबरोबर चाललो आणि पुलापासून जेमतेम नजरेच्या टप्प्याबाहेर गेलो. इथल्या चलनाचं नाव पुला, म्हणजे पाऊस. सभेत टाळ्यांच्या जागी लोक "पुला!" असं ओरडतात. का, ते त्या दिवशी कळलं.

आता यात धंद्याची गोम अशी की ही भरती पंचांगात नाही. 2019 साली पाणी इतकं कमी आलं की माऊनजवळचे पाणघोडे चिखलात अडकून पडले होते. आमच्या बोटी ट्रेलरवर, ताडपत्रीखाली. 2020 साली पाणी छान आलं, बोटी धुऊनपुसून तयार केल्या, आणि जगभरची विमानं बंद. कोरोनाची ती दोन वर्षं मी बोअरवेलचे पंप दुरुस्त करून काढली. म्हणून पहिली गोष्ट लिहून ठेवा: एक संपूर्ण वर्ष काहीही कमाई न होता टिकाव धरता येईल एवढी गाठ बांधल्याशिवाय या पाण्यात उतरू नका. यात मी अतिशयोक्ती करत नाही.

इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी काय केलं ते सांगतो. ज्या कुटुंबाचं काम बघतो त्यांना मी मोठ्या दिमाखात सल्ला दिला की चांगली खोल बुडाची, पुढून व्ही आकाराची बोट घ्या, लाट कापते, पाहुण्यांच्या अंगावर पाणी उडत नाही. लाट! ओकावांगोत लाट कुठून येणार? पण समुद्राचं डोकं. बोट दक्षिण आफ्रिकेतून आणली. जुलैत झकास चालली. ऑक्टोबरच्या एका दुपारी सहा पाहुणे घेऊन एका वळणावर ती वाळूत अशी रुतली की इंजिन वर उचलूनही जागची हलेना. समोर खोल डोह, त्यात सात-आठ पाणघोडे, फुसफुस करत आमच्याकडे बघताहेत. पाण्यात उतरून ढकलावं तर मगरी.

बोटीत आमचे जुने नावाडी होते. इथल्या बायेई जमातीचे, वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना मोन्नामोगोलो म्हणतात, म्हणजे म्हातारबाबा. ते काही बोलले नाहीत. पाहुण्यांना हाताने खूण करून एकेक करत मागे बसवलं, म्हणजे नाळ, बोटीचं पुढचं टोक, उचलली गेली. मग आपली न्गाशी काढली, मोकोरो म्हणजे इथली होडी ढकलायची ती लांब काठी. ती दोनदा वाळूत टोचून बघितली, तिसऱ्या जागी रोवली आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. बोट नाळेवरून फिरली आणि मागे सरकली. परत येताना ते मला एवढंच म्हणाले, "रा, तुझी बोट शहाणी आहे, पण तिला इथली भाषा येत नाही." रा म्हणजे आपलं साहेब किंवा राव. ती बोट पुढल्या वर्षी तोट्यात विकली.

तेव्हापासून आमच्याकडे सपाट बुडाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बोटी आहेत. दिसायला पत्र्याच्या परातीसारख्या, पण गुडघाभर पाण्यात चालतात. आणि मोकोरो आहेत. मोकोरो म्हणजे एका खोडातून कोरलेली होडी, आपल्याकडच्या जुन्या डोणीची बहीण. पूर्वी त्या सॉसेज ट्री किंवा जॅकलबेरीच्या झाडांच्या करत; एकेका होडीसाठी शंभरेक वर्षांचं झाड जायचं, म्हणून आता बहुतेक फायबरच्या. दोन पाहुणे खाली बसतात, नावाडी मागे उभा. या दोन होड्यांचे रस्ते वेगळे असतात, हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही. पाणघोडा दिवसा खोल पाण्यात असतो, म्हणून मोकोरो कमळांच्या उथळ पाण्यातून, काठाकाठाने जाते. मोटरबोट मात्र खोल धारेतूनच जाते, आणि वळणावर वेग कमी करून इंजिनाचा आवाज चालू ठेवते, म्हणजे कुबूला, पाणघोड्याला, आपण येतोय ते कळतं. पाण्यावर बुडबुड्यांची रांग सरकताना दिसली तर तो तळावरून चालतोय. त्याच्या आणि खोल पाण्याच्या मध्ये कधी थांबायचं नाही. फोटोसाठी पाहुणे "थोडं जवळ" म्हणणारच. तेव्हा बहिरं व्हायचं.

आता परवान्याचं. इथे अनेकांचं स्वप्न मोडतं, आणि ते आधीच मोडलेलं बरं. बोट्स्वानात मोटरबोटीच्या सफारी, मोकोरो, फिरत्या कॅम्पच्या सफारी, कॅम्पिंगच्या जागा, गेस्ट हाउस हे धंदे नागरिकांसाठी किंवा पूर्णपणे नागरिकांच्या मालकीच्या कंपन्यांसाठी राखीव आहेत. परदेशी माणसाला भांडवल असेल तर लॉज काढता येतो. पण "एक बोट टाकतो आणि चार पैसे कमावतो" हा मार्ग आपल्यासाठी नाही. यावर लगेच शहाणपणा सुचतो: नावापुरता स्थानिक माणूस पुढे करायचा आणि मागून आपण चालवायचं. करू नका. पकडले गेलात तर परवाना जातोच, राहण्याचा परवानाही जातो. आणि मला विचाराल तर तो कायदा योग्यच आहे. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी या पाण्यात काठी मारली त्यांच्या हातात निदान होडी तरी राहू दे. देवबागला परगावच्या कंपनीने वीस बोटी आणून सोडल्या तर काका काय म्हणतील?

मग आपण काय करायचं? मी जे करतो ते. धंद्याच्या कडेला बरंच काम पडून आहे: इंजिनं, ट्रेलर, वेल्डिंग, फायबरचं काम, बुकिंग, हिशेब, स्वयंपाक. यातलं हाताचं कौशल्य असेल तर वर्क परमिटसाठी मालकाला तुमची बाजू मांडता येते. माझं वर्कशॉप आता माझं आहे, बोटी त्या कुटुंबाच्या, आणि आमच्यात लेखी करार. पहिली दोन वर्षं तोंडी चाललं, त्यात एकदा चांगलंच वाजलं. चूक अर्धी माझीच होती.

ज्यांच्याबरोबर काम करायचं त्यांच्या कागदांची तरी तुम्हाला माहिती हवी. जमीन इथे बहुतांश टोळीच्या मालकीची समजली जाते आणि लँड बोर्ड हे सरकारी मंडळ ती भाडेपट्ट्याने देतं. काठावर धक्का बांधायचा तर आधी गावच्या क्गोत्लात, म्हणजे चावडीवर, क्गोसीसमोर, म्हणजे गावप्रमुखासमोर, जाऊन बसावं लागतं. तिथे बाईमाणूस, पोरगंसोरगं, कुणीही उठून बोलू शकतं आणि सगळ्यांचं ऐकून होईस्तोवर उठता येत नाही. टोपी काढून बसा, आधी "दुमेला रा, दुमेला मा" असा नमस्कार करा, घड्याळ बघू नका.

बोटीचाही एक परवाना लागतो, जो ऐकून सगळ्यांना हसू येतं: जलपर्णीचा. साल्विनिया नावाची तरंगती वनस्पती मुळात ब्राझीलची. केरळात तिला "आफ्रिकन पायल" म्हणतात, बिचाऱ्या आफ्रिकेच्या नावावर खपवलेली. पंचगंगा किंवा इंद्रायणी जलपर्णीने हिरवीगार झालेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना भीती समजावून सांगायला नको. ओकावांगोत ती पसरली तर बोटीच काय, मासेही संपतील. म्हणून 1971 च्या कायद्याने इथे बोटींची नोंदणी होते, आणि एका भागातली बोट दुसऱ्या भागात न्यायची तर परवानगी घेऊन, धुऊन, फवारून न्यावी लागते. आमच्या ट्रेलरच्या नळीत एकदा एक पान सापडलं होतं, नखाएवढं. अधिकारी बाईंनी ते चिमट्याने काढून आम्हाला दाखवलं आणि संपूर्ण ट्रेलर पुन्हा धुवायला लावला. तीन तास गेले. कुरकुर केली नाही.

इंजिनाबद्दल मी जास्त बोलणार, माझा धंदाच तो. समुद्रात इंजिन मिठाने मरतं, इथे वाळूने आणि गवताने. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणून फसू नका. उथळात पंखा तळाची कलहारीची बारीक वाळू उडवतो, ती थंडाव्याच्या पाण्याबरोबर आत जाते आणि पाणी खेचणारा रबरी इंपेलर खाऊन टाकते. इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडत असते, चालवणाऱ्याची एक नजर कायम तिच्यावर हवी. धार बारीक झाली की कमळाचं पान जाळीला चिकटलंय. तुटक झाली की इंपेलर गेला. धारच नसेल तर तुम्ही आधीच उशीर केलाय. इंजिन करा बंद, उचला वर, काढा गवत. पंख्याच्या मागे आसावर कमळाचे देठ दोरीसारखे गुंडाळले जातात आणि सील कापतात, म्हणून बोट परत आली की रोज पंखा काढून बघायचा. रोज, आठवड्यातून एकदा नाही. माऊनमध्ये सुटा भाग मिळाला नाही तर तो येईपर्यंत बोट उभी, आणि सीझन जुलै ते ऑक्टोबर एवढाच खरा.

माऊनच का, असंही विचारतात. चोबे नदीवरचं कसाने जास्त भरवशाचं आहे: बारा महिने पाणी, व्हिक्टोरिया फॉल्सला आलेले लोक दिवसभरासाठी येतात, हत्ती पोहत सेदुदू बेटावर जाताना हमखास दिसतात. पण संध्याकाळी तिथे बोटींची गर्दीही तशीच असते. वर शकावेकडे हाउसबोटी आणि टायगर फिशची मासेमारी. जानेवारी-फेब्रुवारीत मासेमारी बंद असते, तेवढं गणित धरा. ज्याला नोकरीतून शिकायचंय त्याने कसाने गाठावं. ज्याला पाणी शिकायचंय त्याने माऊन.

मोन्नामोगोलो आता होडीवर जात नाहीत. वर्कशॉपच्या मागे नदीकाठी त्यांनी एका खुंटाला लाल सुतळी बांधली आहे, दर रविवारी ती पाण्याच्या पातळीवर आणतात. गेल्या जूनमध्ये देवबागचा एक पोरगा पंधरा दिवस माझ्याकडे राहून गेला. आला तेव्हा बोटीची किंमत विचारत होता. जायच्या आदल्या रविवारी सकाळी बघितलं तर तो खुंटापाशी उकिडवा बसलेला, आणि म्हातारबाबा त्याच्या हातात सुतळीचं टोक देऊन गाठ कशी मारायची ते सेत्स्वाना या इथल्या भाषेत सांगत होते. दोघांनाही एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. या वर्षी तो पूर्ण सीझनसाठी येतोय. सामानात इंपेलर किट दोन आण, असं त्याला कळवलंय.