रोजचे इंग्रजी शब्द कसे शिकावेत: खान्देशातल्या माणसासाठी एक पद्धत

इंग्रजी शिकायचं मनावर घेतलं की माणूस आधी शब्दांची जाडजूड यादी विकत घेतो आणि 'ए'पासून पाठ करायला बसतो. पहिल्याच पानावर 'अबँडन', 'अबेट', 'अ‍ॅबहॉर' भेटतात. 'बी' येईपर्यंत पुस्तक कपाटावर गेलेलं असतं. शब्द किती वापरात आहे याचा वर्णक्रमाशी काही संबंध नसतो. इंग्रजी शिकवणारे मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सगळ्यात जास्त वापरातल्या सुमारे २००० शब्दांची यादी छापली होती. साध्या इंग्रजी मजकुराचा मोठा भाग तेवढ्यात वाचता येतो. आपल्यालाही आधी तेच लागतात.

या लेखात इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. स्पेलिंग डिक्शनरीत शोधून वहीत स्वतः लिहा. शोधता शोधता शब्द अर्धा पाठ होतो.

पायरी १: तोंडात असलेले शब्द आधी लिहून काढा

रेट, बिल, लेट, रिटर्न, चेक, फवारणीचा पंप, ड्रिपचा व्हॉल्व्ह. शे-दीडशे शब्द सहज निघतील. मग त्यांतले आपण आपल्या अर्थानं वापरतो ते वेगळे काढा:

'लाईट गेली' म्हणजे 'द पॉवर इज आउट'.
'मला टेन्शन आलं' म्हणजे 'आय अ‍ॅम वरीड'.
'मी बी.कॉम. पासआउट आहे' म्हणजे 'आय हॅव अ बी.कॉम. डिग्री'.

शेवटचं जरा जपून. बाहेरच्या देशांत 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणे. मुलाखत घेणारा परदेशी असेल तर तो तब्येतीची चौकशी करेल.

पायरी २: एकटा शब्द लिहू नका

सगळी गंमत इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू. वहीत प्रत्येक शब्दापुढे अर्थ, त्याच्याबरोबर नेहमी येणारा शब्द आणि स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य लिहायचं. 'बॉरो' आणि 'लेंड' घ्या. मराठीत 'उसने' एकच, पुढे घेणे किंवा देणे लावलं की काम भागतं. इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं आहेत, म्हणून हमखास घोटाळा होतो.

बॉरो (उसने घेणे), सोबत 'फ्रॉम': आय बॉरोड फाइव्ह थाउजंड रुपीज फ्रॉम माय अंकल.
लेंड (उसने देणे), सोबत 'टू': माय अंकल लेंट फाइव्ह थाउजंड रुपीज टू मी.

पैसे तेच, काका तेच, फक्त वाक्य कोणाच्या बाजूनं सुरू होतं ते बदललं. अशी जोडी एकाच पानावर समोरासमोर लिहावी. 'ब्रिंग' (इकडे आणणे) आणि 'टेक' (तिकडे नेणे) यांचंही तसंच: 'ब्रिंग द बिल हिअर', 'टेक धिस बॅग टू द शॉप'.

साध्या शब्दांना दुसरे अर्थही असतात. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला हे पटकन पटेल. केळीचा घड म्हणजे 'बंच', त्यातली फणी म्हणजे 'हँड' आणि फणीतलं एक केळ म्हणजे 'फिंगर'. 'धिस बंच हॅज नाइन हँड्स' हे वाक्य शहरातल्या इंग्रजीच्या मास्तरालाही बुचकळ्यात टाकेल. तुमच्या धंद्यातले असे अर्थ आधी टिपा, कारण ते तुम्ही रोज वापरणार आहात.

पायरी ३: अर्थ घरच्या बोलीत लिहा

घरात अहिराणी बोलत असाल तर अर्थ अहिराणीतच लिहा, लाजायचं कारण नाही. उलट एका ठिकाणी फायदाच आहे. 'तू काय करी राहिना?' म्हणजे सरळ 'व्हॉट आर यू डूइंग?' आणि 'मी वाट देखी राहिनू' म्हणजे 'आय अ‍ॅम वेटिंग'. 'राहिना' जिथे येतं तिथे बहुधा 'इंग' बसतं. मात्र 'हॅव' हे मालकी किंवा नातं सांगायला आलं की 'इंग' नको: 'आय हॅव टू ब्रदर्स'. 'नो' (माहीत असणे) आणि 'वाँट' यांनाही शक्यतो लावू नका.

पायरी ४: फुकटची शिकवणी

भुसावळ किंवा जळगाव स्टेशनवर गाडीची वाट पाहत असाल तर मोबाइल खिशात ठेवा. एकच सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते, म्हणजे अर्थ आधीच कळलेला असतो. 'इज रनिंग लेट' (उशिरा धावत आहे), 'विल अराइव्ह शॉर्टली' (थोड्याच वेळात येईल), 'द इन्कन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड' (गैरसोयीबद्दल मनापासून खेद आहे). गाडी जितकी लेट तितकी उजळणी जास्त. यातलाच शब्द घेऊन आपलं वाक्य करा: 'आय रिग्रेट सेलिंग माय कॉटन अर्ली', म्हणजे कापूस घाईनं विकल्याचा पस्तावा होतो.

कीटकनाशकाच्या बाटलीवरचं इंग्रजीही वाचा. 'शेक वेल बिफोर यूज' (वापरण्याआधी चांगलं हलवा), 'कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन' (मुलांच्या हाती लागू देऊ नका). बँकेची स्लिप, एसटीचं तिकीट, औषधाचं पाकीट हेही त्यातच आलं.

पायरी ५: उजळणी

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांतच झपाट्यानं विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून आज लिहिलेले शब्द आज रात्री, उद्या, तीन दिवसांनी आणि आठवड्यानं पाहा. रोज पाच-सहा शब्द पुरे. मराठी बाजू उघडी ठेवा, इंग्रजी बाजू हातानं झाका आणि वाक्य मोठ्यानं म्हणा. उच्चाराची शंका आली तर मोबाइलच्या डिक्शनरीतलं स्पीकरचं चिन्ह दाबून ऐका. स्पेलिंगवरून उच्चार ठरवायला गेलात तर 'वेन्झडे' पहिल्याच दिवशी दगा देईल.

चार उजळण्यांनंतरही अडणारा शब्द खोडून टाका. खरंच लागणारा असेल तर तो पुन्हा कुठेतरी समोर येईल, तेव्हा नवं वाक्य करून लिहा.